दहा हजार पट गुणकारी

मी रसायनशास्त्रात एमएस्सी केलंय, हे आधीच सांगून टाकते. नंतर कुणी "शिकलेली माणसं अशी कशी फसतात?" असं विचारायला नको. उलट शिकलेली होते म्हणूनच फसले, असं आता वाटतं. कॅन्सरवर म्हणून पावडर विकणाऱ्या त्या माणसाने दुसऱ्या कुणाला शोधनिबंध पाठवलाच नसता.

बाबांच्या मोठ्या आतड्याच्या कॅन्सरची कीमो चालू होती. तिसऱ्या सायकलनंतर त्यांचं जेवण तुटलं आणि मी रात्र-रात्र मोबाईल घेऊन बसू लागले. तिथेच ग्रॅव्हिओलाच्या पानांची पावडर विकणाऱ्याशी गाठ पडली. ग्रॅव्हिओला म्हणजे सीताफळाच्या कुळातलं, मूळचं उष्ण कटिबंधातल्या अमेरिकेतलं झाड. माणूस इतका सौम्य की काही विकतोय असं वाटेचना. "ताई, कीमो अजिबात बंद करू नका, हे फक्त जोडीला द्या," म्हणाला. माझा अर्धा संशय तिथेच गेला.

मग त्याने सदाफुलीचा विषय काढला. सदाफुलीतून कॅन्सरचं औषध निघालं की नाही? निघालं. कॅनडात रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बीअर सदाफुलीच्या पानांत मधुमेहावरचं औषध शोधत होते. साखर काही उतरली नाही, पण उंदरांच्या पांढऱ्या पेशी घटल्या, आणि १९५८ साली त्यातून व्हिनब्लास्टिन हाती आलं. सगळं खरं. पण सदाफुलीची पानं हे औषध नव्हे. पानांतलं ते द्रव्य अगदी नाममात्र असतं. ते वेगळं काढून, शुद्ध करून, मोजून शिरेतून द्यावं लागतं. हे त्याने सांगितलं नाही, आणि मला ठाऊक असूनही मी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी पीडीएफ आली. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठातल्या संशोधकांचा १९९६ सालचा निबंध, अस्सल. एका ओळीवर पिवळी रेघ: ग्रॅव्हिओलातलं एक द्रव्य मोठ्या आतड्याच्या कॅन्सरपेशींवर अ‍ॅड्रियामायसिन या कीमोच्या औषधापेक्षा दहा हजार पट प्रभावी. मोठं आतडं! मला वाटलं, हे बाबांसाठीच लिहिलंय. मी फक्त रेघेची ओळ वाचली. पैसे त्याच संध्याकाळी पाठवले.

महिन्याभराने, सगळं झाल्यावर, तोच निबंध नीट वाचला. ते द्रव्य बियांमधून काढलं होतं. मी विकत घेतली ती पानांची पावडर. पेशी काचेच्या भांड्यात वाढवलेल्या होत्या आणि शुद्ध द्रव्य थेट त्यांच्यावर घातलं होतं; पोटातून रक्तात, रक्तातून गाठीत, हा प्रवास तिथे नव्हताच. भांड्यातल्या पेशी तर फिनाईलनेही मरतात. आणि ज्या अ‍ॅड्रियामायसिनशी तुलना होती, ते मोठ्या आतड्याच्या कॅन्सरला सहसा देतच नाहीत. म्हणजे त्या रिंगणात नसलेल्या पैलवानाला दहा हजार वेळा चीतपट केलं होतं. निबंध लिहिणाऱ्यांचा यात काही दोष नाही. त्यांनी जे पाहिलं तेच लिहिलं. विकायला काढला तो दुसऱ्यानेच.

डब्यासोबत 'प्रयोगशाळेचा अहवाल'ही होता, शिक्क्यानिशी. त्यात ओलावा किती, राख किती, जिवाणू किती, एवढंच. कॅन्सरचा उल्लेखही नव्हता. मी तो फाईलमध्ये लावून ठेवला होता!

पाचव्या सायकलच्या आधी बाबांच्या यकृताचे आकडे चढले. डॉक्टरांनी विचारलं, "बाहेरचं काही चालू आहे का?" मी गप्प. बाबांनीच सांगून टाकलं. डॉक्टर रागावले नाहीत, त्याचंच मला जास्त लागलं. सायकल पुढे ढकलली. आकडे पावडरीमुळेच चढले असं ते म्हणाले नाहीत, मीही म्हणत नाही. पण त्यांनी डबा मागवून घेतला आणि विचारलं, "आत लेबलवरचंच आहे कशावरून?" मग पीसी-स्पेसची हकीकत सांगितली. प्रोस्टेट कॅन्सरसाठी विकलं जाणारं आठ वनस्पतींचं मिश्रण. २००२ साली ते बाजारातून मागे घ्यावं लागलं, कारण त्यात रक्त पातळ करणारं वॉरफेरिन आणि इतर औषधं सापडली होती.

ग्रॅव्हिओलाबद्दल आणखी एक गोष्ट मला नंतर कळली. त्यातली अशी द्रव्यं पेशींची ऊर्जा तयार करणारी यंत्रणाच बंद पाडतात, म्हणून भांड्यातल्या कॅन्सरपेशी मरतात. पण मेंदूच्या पेशींतही तीच यंत्रणा असते. कॅरिबियनमधल्या ग्वादलूप बेटावर पार्किन्सनसारखा एक वेगळाच आजार आढळला, आणि १९९९ साली संशोधकांनी त्याचा संबंध या कुळातली फळं आणि पानांचा काढा नेमाने घेण्याशी जोडला. विक्रेत्याच्या पीडीएफच्या ढिगात हा निबंध नव्हता.

मी पैसे परत मागितले, तेव्हा "ताई, श्रद्धा कमी पडली" असं उत्तर आलं आणि नंबर ब्लॉक झाला. तोवर शोधनिबंध पाठवणारा माणूस श्रद्धेवर आला होता. तक्रार नोंदवली आहे. चॅट, पावती, डब्याचे फोटो सगळं जोडलंय; सुरुवातीचे काही मेसेज मी शरमेने पुसून टाकले होते, ते आता हवे होते.

गेल्या आठवड्यात रुग्णांच्या नातेवाइकांच्या एका ग्रुपवर निबंधाचं ते पान पुन्हा दिसलं. नाव वेगळं, नंबर वेगळा. पिवळी रेघ त्याच ओळीवर, उजवीकडे जरा खाली उतरलेली.