बेसॉल्टची भुकटी आणि गांडूळ खत: घ्यायची तर जोडीने

जवळच्या नर्सरीतून दोन्ही पिशव्या आणल्या, गच्चीवरच्या वांगी-मिरचीच्या कुंड्यांसाठी. गांडूळ खताला पूर्ण गुण. काळंभोर, चहाच्या भुकटीसारखं रवाळ, वास ओल्या मातीचा. मुठीत दाबलं की गोळा होतो, बोट लावलं की सुटतो. आधी दुसरीकडून घेतलेलं खत अर्धकच्चं होतं आणि त्याला आंबूस वास यायचा. तसलं कुंडीत घालूच नका.

बेसॉल्टची, म्हणजे काळ्या कातळाच्या दगडाची, भुकटी छान बारीक आहे, पण पिशवीवरचं ‘संपूर्ण पोषण’ मला मुळीच पटलं नाही. बेसॉल्टमध्ये कॅल्शियम, मॅग्नेशियम, लोह असतं. नत्र नसल्यातच जमा. जे आहे तेही दगडात बांधलेलं. खतातले जिवाणू आणि सेंद्रिय आम्लं ते हळूहळू सोडवतात, म्हणून नुसती भुकटी टाकून महिन्याभरात फरक शोधू नये. मी कुंडीला मूठभर भुकटी आणि मातीच्या साधारण चौथा हिस्सा खत मिसळते. कोकोपीटच्या (नारळाच्या काथ्याच्या भुशाच्या) हलक्या मिश्रणाला तिचा खरा उपयोग.

अंगणात देशावरची काळी माती असेल तर पैसे वाचवा, ती बेसॉल्ट झिजूनच झाली आहे. कोकणातल्या जांभ्याच्या, पावसाने धुपलेल्या आम्लधर्मी मातीत मात्र जरूर घाला. दुकानात रॉक फॉस्फेटचाही, म्हणजे स्फुरद असलेल्या दगडाच्या भुकटीचाही, आग्रह होतो. तेही आम्लधर्मी मातीतच नीट लागू पडतं, चुनखडीच्या काळ्या जमिनीत फारसं नाही.

आणि भुकटी मिसळताना तोंडाला मास्क बांधा, आधी पाणी शिंपडा. ही सूचना पिशवीवर छापायलाच हवी होती.