एमएक्स-५ चे जाम झालेले बोल्ट: सोडवत बसायचं की सरळ कापायचं?

मागच्या महिन्यात मँचेस्टरहून एका ओळखीच्या मुलाचा फोन आला, म्हणाला दादा, अलाइनमेंटवाल्याने गाडीला हात न लावताच परत पाठवलं, म्हणतो सगळे कॅम बोल्ट, म्हणजे चाकांचा कोन जुळवायला फिरवायचे ते, जाम आहेत, आधी ते सोडवून आण मग बघू. त्याचीही माझदाची एमएक्स-५ आणि माझीही, फक्त त्याची दोनेक वर्षांनी नवी. मग पुढचा प्रश्न ठरलेलाच, बोल्ट सोडवत बसू की कापून टाकू, आणि नंतर बुश, म्हणजे सांध्यात बसणाऱ्या गाद्या, रबरचे घालू की पॉलीचे (पॉलियुरेथेनचे). फोनवर पाऊण तास गेला तरी अर्धं राहिलंच, म्हणून आता एकदाच नीट लिहून काढतोय. मी काही मेकॅनिक नाही आणि अनुभव एकाच गाडीचा आहे, पण पुढे डाव्या बाजूला एक प्रकार आणि उजव्या बाजूला दुसरा असं करून झालंय, त्यामुळे तुलना म्हणून चालवून घ्या.

गाडी २००१ ची. आधीचा मालक शेफिल्डहून स्नेक पासवरून मँचेस्टरला कामाला जायचा, भर हिवाळ्यातसुद्धा हीच गाडी घेऊन. ए-५७ चा तो घाट ज्यांनी जानेवारीत बघितलाय त्यांना वेगळं सांगायला नको, वर बर्फ, खाली तो वितळवायला टाकलेल्या खडेमिठाचा राडा. गंमत म्हणजे हॅरी ब्रेअर्लीने १९१३ साली ज्या शेफिल्डमध्ये स्टेनलेस स्टील शोधलं त्याच गावात माझे आठच्या आठ कॅम बोल्ट गंजून बसले. दोष गाडीचा नाहीये, मिठाचा आहे. जपानहून नुकतीच आलेली एखादी जुनी युनोस रोडस्टर (एमएक्स-५ चंच तिथलं नाव) खालून बघा, माझ्या गाडीपेक्षा दहा वर्षांनी मोठी असूनही बोल्टचं पिवळसर पॉलिश शाबूत असतं, बघून पोटात दुखतं.

आता जाम म्हणजे नक्की कुठे जाम, हे कळलं नाही तर पुढचं सगळं चुकतं. माझं चुकलंच होतं. मला वाटायचं नटचे आटे गंजलेत. नट तर बिचारा पहिल्याच झटक्यात सुटतो! बोल्ट चावलेला असतो तो बुशच्या आतल्या लोखंडी नळीत. बोल्ट आणि नळी यांच्यात केसभर फट असते, त्यात खारं पाणी शिरतं, गंज धरतो, आणि गंजाला मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा लागते, त्यामुळे फट ठासून भरली की दोन्ही मिळून एकच दांडा होतो. कॅम फिरत नाही, कॅम्बर आणि टो, म्हणजे चाकाचा उभा कल आणि आत-बाहेर वळलेपण, जिथे आहे तिथेच राहतो, गाडी डावीकडे ओढते आणि टायर आतल्या कडेने खाल्ला जातो.

पुढचा डावा आर्म, म्हणजे चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारा दांडा, मी सोडवायला घेतला. मूळचा मी कोल्हापूरचा, शाळेच्या वाटेवरच कारखान्यांचं उद्यमनगर होतं, त्यामुळे जाम बोल्टला रात्रभर घासलेट पाजायचं हे लहानपणापासून डोक्यात बसलेलं. इथे घासलेटऐवजी पेनिट्रेटिंग ऑइल, चार दिवस सकाळ-संध्याकाळ मारलं. शनिवारी लांब ब्रेकर बार लावला, त्यावर जॅकचा पाइप चढवला आणि सगळं वजन टाकलं. कर्रर्र करून बोल्ट पाव फेरा फिरला. मी ओरडलोच, हलला! बायको किचनच्या खिडकीतून म्हणाली, बघ, उगाच घाबरत होतास. पाइपवरचा हात काढला तर बोल्ट हळूहळू, अगदी निवांत, आपल्या मूळ जागी परत गेला.

तर माझा निर्णय झाला तो ह्याच एका गोष्टीवर. नळी बोल्टला चिकटलेली आणि नळीला बाहेरून रबर चिकटवलेलं, म्हणजे तुम्ही बोल्ट फिरवता तेव्हा खरं तर रबराला पीळ देत असता, आणि रबर कसलं ऐकतंय, सोडलं की परत. हातोडा मारा, घाव रबर गिळून टाकतं, एअर हॅमर लावा, नुसता आवाज. तेल वरून मारता ते नळीच्या तोंडाशी थबकतं कारण आत जायला फटच उरलेली नसते. जाम बोल्ट हट्टी असतो, ते मला मान्य आहे, त्याच्याशी भांडता येतं, पण हा हट्टी नव्हता, हा दर वेळी हो म्हणायचा आणि परत पहिल्यासारखा बसायचा. तीन वीकेंड हेच चाललं. तिसऱ्या रविवारी बायकोने नुसतं विचारलं, हलला का रे? मी म्हटलं हलला, पण परत आला. तिने खिडकी लावून घेतली.

आणि जास्त जोर लावायचा म्हटलं तर दुसरीच भीती. बोल्टच्या डोक्याखालची कॅमची चकती सबफ्रेमवरच्या (आर्म ज्या सांगाड्याला लागतात त्यावरच्या) दोन उभ्या कडांच्या मध्ये बसते. बोल्ट सुटलेला नसताना डोकं फिरवत राहिलात तर ती चकती त्या कडांवर रेटते, आणि कडा वाकल्या की पुढे अलाइनमेंट धरून ठेवणार कोण? माझी एक कड थोडी वाकली, ती छन्नी-हातोड्याने सरळ केली, पण मनातून गेलं नाही.

शेवटी गॅसची ज्योत. इथे मात्र प्रामाणिकपणे सांगतो, उष्णतेने काम होतं. दोनपैकी एक बोल्ट निघाला. पण नळी लाल होईपर्यंत तापवायची म्हणजे भोवतीचं रबर जळणारच, काळा धूर, असा वास की शेजारच्या बाईंनी वाळत घातलेले कपडे आत नेले, अगदी शांतपणे, इंग्लिश पद्धतीने, माझ्याकडे न बघता. बुश गेला तो गेलाच. निघालेला बोल्ट पुसून बघितला तर दांड्यावर देवीचे व्रण असावेत तसे खड्डे, असला बोल्ट परत घालायची कोणाची हिंमत होणार? म्हणजे तीन वीकेंड घालवून मी जे वाचवलं ते भंगारात टाकलं. दुसरा बोल्ट निघालाच नाही, तो कापला. मागच्या बाजूला तर ज्योत न्यायचा विचारही केला नाही, पेट्रोलची टाकी तिथेच सीटच्या मागे आहे. इंडक्शन हीटर हा बराच सुरक्षित पर्याय आहे आणि मी एकाचा उसना आणला होता, पण त्याची कॉइल बोल्टच्या डोक्याभोवती बसते, चावलेला भाग असतो आत नळीमध्ये, तिथपर्यंत ऊब पोचता पोचत नाही. कदाचित मला नीट जमलं नसेल.

उजवी बाजू कापली. रेसिप्रोकेटिंग सॉ, म्हणजे पुढेमागे पळणारी विजेवरची करवत, त्याला कार्बाइडचं पातं. बुशचं तोंड आणि सबफ्रेमचा कान यांच्यामध्ये पातं घालायचं, बोल्टला दोन काप, एक डोक्याकडून आणि एक नटकडून, दोन्ही तुकडे टपकन पडतात आणि आर्म हातात येतो. दोन बोल्ट, चार काप, चहासकट एक दुपार. पहिला काप संपला तेव्हा जो काही आनंद झाला तो सांगत नाही, तुम्ही हसाल.

पण कापणं म्हणजे सगळं सुखाचं असंही नाही हां. फट इतकी बारीक असते की पातं वाकडं गेलं की थेट सबफ्रेमचा कान खातं, म्हणून पहारीने आर्म एका बाजूला दाबून ठेवायचा आणि फट मोठी करून घ्यायची, घाई अजिबात नाही. साधी बायमेटल पाती माझी दर कापाला एक गेली, बोल्ट चांगल्या कडक पोलादाचा असतो, कार्बाइडचं महाग वाटतं पण एकच चारही कापांना पुरलं. ग्राइंडरने करू नका असं मी म्हणेन, चकती तिथे मावत नाही आणि ठिणग्या ब्रेकच्या रबरी पाइपवर उडतात. गाडी स्टँडवर घेतली की ब्रेकचा पाइप आणि एबीएसची वायर आधी बाजूला बांधा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, एकदा पातं लावलं की माघार नाही, नवे बोल्ट, कॅमच्या चकत्या, नट, बुश सगळं घरात येऊन पडल्याशिवाय करवतीला हात लावायचा नाही, नाहीतर गाडी महिनाभर दारात स्टँडवर आणि तुम्ही बसने.

पैशाचं बोलायचं तर आठ बोल्टचा संच खिशाला थोडा लागतो, नाही म्हणत नाही, कापणाऱ्याला तो खर्च चुकत नाही. पण माझ्यासारखा सोडवणारा पण शेवटी तेच विकत घेतो, वर तेलाचे डबे, गॅसचे सिलिंडर आणि घरातला मान वेगळा.

मग सोडवायचं कोणी? आहेत ना असे लोक. नट दोन-तीन आटे सैल करा, डोक्यावर आणि सबफ्रेमवर एक सरळ रंगाची रेघ मारा, आणि पान्याने डोकं थोडं फिरवा. रेघ जिथे सोडली तिथेच राहिली तर तुमचा बोल्ट जिवंत आहे, तेल, धीर, थोडं पुढेमागे, आणि निघेल तो, कापायचं पापच. रेघ परत जुळली तर मात्र समजून जा. ही परीक्षा पाच मिनिटांची आहे, मी ती तीन आठवडे देत बसलो.

बुशचं आता. पुढे मी मूळ रबरचे बसवले, मागे पॉलीचे, कारण मागचं करायला घेतलं तेव्हा हात आखडता होता आणि पॉलीला प्रेस लागत नाही, शेगड्यात (बेंच व्हाइसमध्ये) दाबून घरी बसतात. शिवाय पॉलीचा अजून एक फायदा असा की त्याचं नळीशी चिकटलेपण नसतं, तो नळीवर फिरतो, त्यामुळे गाडी कुठल्याही उंचीवर असताना बोल्ट आवळा. रबरला तसं चालत नाही, गाडी चाकांवर, स्वतःच्या वजनाने बसलेली असतानाच शेवटचं आवळायचं, नाहीतर रबर कायमच्या पिळात राहतं आणि लवकर फाटतं, हे न करणारे गॅरेजवालेसुद्धा मी बघितलेत. पॉलीने मागची बाजू जरा जास्त सरळसोट झाली, वळणावर मजा येते हे खरं. पण दुसऱ्या हिवाळ्यापासून मागून कुईं कुईं सुरू झालं, सकाळच्या थंडीत स्पीड ब्रेकरवरून गेलं की जुन्या झोपाळ्यासारखं. परत खोला, ग्रीस भरा, चार-सहा महिने शांत, परत कुईं. ट्रॅकवर नेणाऱ्याला त्याचं काही नसेल. मी भाजी आणायलाही हीच गाडी नेतो, त्यामुळे माझं मत कुठे झुकतंय ते कळलंच असेल.

रबर बसवायला प्रेस लागतो, पण हे शेफिल्ड आहे, पोलादाचं गाव, उद्यमनगरासारखंच, पत्र्याच्या शेडमध्ये एक म्हातारेबुवा आणि त्यांचा हिरवा प्रेस सापडतोच. रिकामे आर्म दिले, जुनं काढून नवं दाबून दुपारपर्यंत परत. बोल्टचा तुकडा अडकलेली ती जुनी नळी त्यांनी माझ्या हातात ठेवली, आठवण म्हणून ठेव म्हणाले.

एक राहिलं, मागच्या आर्मचा बाहेरचा लांब बोल्ट, जो हबच्या, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या भागाच्या, खालून आरपार जातो. हा कॅमवाल्यांचाही बाप. माझा डावीकडचा सुटला, उजवीकडचा नाहीच, आणि इथे कापूनही पुरत नाही कारण लांबच लांब तुकडा हबमध्ये तसाच राहतो. मी तिथे अजिबात मस्ती केली नाही, आर्म आणि हब जोडलेलेच खाली उतरवले आणि त्याच शेडमध्ये नेऊन ठेवले. त्यांनी टेबलावर तापवून लाल केला, प्रेसखाली धरला, आणि बंदुकीची गोळी सुटल्यासारखा आवाज होऊन बोल्ट निघाला. म्हणजे ज्योत वाईट नाही, ज्योतीची जागा गाडीखाली नाही, एवढंच.

जोडताना बोल्टच्या दांड्यावर अँटीसीझ (जाम होऊ नये म्हणून लावायची पेस्ट) भरपूर चोपडा, आट्यांवर नको, टॉर्कचे, म्हणजे किती जोराने आवळायचं त्याचे, आकडे कोरड्या आट्यांचे असतात. नंतर माझ्या अलाइनमेंटवाल्याकडे गेलो, पोरगं साध्या पान्याने कॅम फिरवत होतं, एका हाताने, दुसऱ्या हातात फोन. मी दर ऑक्टोबरमध्ये, मीठ पडायच्या आधी, आठही जागी रंगाच्या खुणा करून बोल्ट थोडे फिरवतो आणि परत खुणेवर आणतो. परवा केलं तेव्हा खिडकीतून आवाज आला, हलला का? म्हटलं हलला, आणि सोडला तिथेच थांबला.