सुएझ की पनामा? गोड्या पाण्याचा हिशेब

मोठा कालवा खणून जगाचं भलं झालं का, या वादात 'झालं' म्हणणाऱ्याला एखादा कालवा साक्षीला उभा करावा लागतो. सुएझ करावा की पनामा? मलाही हे एकदा ठरवावं लागलं. कॅडेट पोरांपुढे बोलायचं होतं आणि जहाजावरच्या नोकरीत मी दोन्हींतून गेलेलो, म्हणून वाटलं सोपं जाईल. गेलं नाही.

बघायला पनामाच, यात वाद नको. गाटूनच्या लॉकपाशी (लॉक म्हणजे पाणी भरून-सोडून जहाज वर-खाली नेणारा दारांचा हौद) दोन माणसं साध्या वल्ह्याच्या होडीतून दोरी घेऊन जहाजाजवळ येतात. एवढं अवाढव्य यंत्र आणि त्याची सुरुवात वल्ह्याने! मग दोन्ही काठांवरची रुळांवर धावणारी इंजिनं तारांनी जहाज सरळ धरून ठेवतात. जुन्या लॉकची रुंदी 33.5 मीटर, आमचं जहाज 32 मीटरच्या वर. भिंत हाताला लागेल इतकी जवळ. बाकी जगात पायलट, म्हणजे जहाजावर येणारा स्थानिक वाटाड्या, सल्ला देतो आणि जबाबदारी कॅप्टनची राहते. इथे जहाजाचा ताबाच पायलटकडे जातो. आमचे कॅप्टन कॉफीचा मग घेऊन पाहुण्यासारखे ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवायच्या खोलीत, उभे. तीन पायऱ्यांत जहाज 26 मीटर वर, गाटून तळ्यात.

सुएझ त्या मानाने अगदी कंटाळवाणा. पहाटे ताफा निघतो, मग दिवसभर आठेक नॉटने पुढच्या जहाजाची पाठ बघत जायचं. एका बाजूला थोडी हिरवळ, दुसऱ्या बाजूला वाळू. लॉक नाही, चढ नाही, उतार नाही. समुद्राचंच पाणी या टोकापासून त्या टोकापर्यंत.

पापाचं म्हणाल तर दोघांच्याही खात्यावर भरपूर आहे. सुएझची सुरुवातीची खोदाई इजिप्तच्या शेतकऱ्यांना वेठीला धरून झाली. पुढे देश कर्जात बुडाला, 1875 मध्ये तिथला शासक खेदिव इस्माईल याने कालव्याच्या कंपनीतले आपले शेअर ब्रिटनला विकले आणि 1882 मध्ये ब्रिटिश फौजाच आल्या. मुंबई-लंडन वाट चार हजारांहून जास्त सागरी मैलांनी कमी झाली खरी, पण त्या वाटेने पलटणी आणि मँचेस्टरचं कापडही लवकर पोचू लागलं. त्यामुळे 'जगाचं' भलं म्हणताना आपली जीभ जरा अडखळते. पनामात फ्रेंचांच्या फसलेल्या प्रयत्नात सुमारे 22 हजार माणसं गेली, अमेरिकनांच्या काळात आणखी साडेपाच हजारांवर. पण तिथेच अमेरिकन लष्कराचे डॉ. गॉर्गस यांनी डासांची पैदास मोडून पिवळा ताप हटवला. माझ्या मते ते देणं खुद्द कालव्यापेक्षा मोठं असेल. इथपर्यंत माझा काटा पनामाकडेच होता.

तो फिरला पाण्यामुळे.

2023 च्या शेवटी आम्ही पनामाच्या अटलांटिक बाजूला नांगर टाकून नऊ दिवस थांबलो. पाऊस कमी, आणि ज्याच्या पाण्यावर लॉक चालतात ते गाटून तळं खाली गेलेलं. एरवी दिवसाला छत्तीसच्या आसपास जहाजं जातात, ती डिसेंबरात 22 वर आली. त्याआधी नोव्हेंबरात एका जहाजाने रांग चुकवायला लिलावात जवळपास 40 लाख डॉलर मोजले होते. जहाजावर गोडं पाणी आम्ही मुख्य इंजिनाच्या उष्णतेवर समुद्राच्या पाण्यापासून बनवतो. नांगरावर ते इंजिन बंद, म्हणजे पाणी बनत नाही. तिसऱ्या दिवशी कपडे धुणं बंद झालं, पाचव्या दिवशी अंघोळीला वेळ ठरला. नळ चालू राहिला म्हणून बोसनने, म्हणजे डेकवरच्या खलाशांच्या मुकादमाने, एका पोराला सगळ्यांदेखत झापलं.

आणि मग आमची पाळी आली. मिराफ्लोरेसच्या शेवटच्या पायरीवर उभा राहून पाहिलं: दहा मिनिटांत लॉक रिकामं झालं, सगळं पाणी पॅसिफिककडे. एका जहाजाच्या अख्ख्या चढ-उताराला सुमारे 20 कोटी लिटर, आणि तेही गोडं. पनामा सिटी आणि कोलोनची माणसं याच तळ्याचं पाणी पितात. 2016 च्या नव्या लॉकना बाजूचे हौद आहेत, त्यांत 60 टक्के पाणी परत वापरता येतं, हे मान्य. पण पाणी पुरावं म्हणून आता इंदिओ नदीवर धरण घाटतंय आणि तिथली गावं उठायला तयार नाहीत. शंभर वर्षांपूर्वी खणून झालेला कालवा अजून मागतोच आहे.

सुएझच्या खोडी कमी नाहीत. 1967 च्या युद्धात तो बंद झाला तो थेट 1975 मध्ये उघडला, तोवर ग्रेट बिटर लेकमध्ये 14 जहाजं अडकून पडली होती. खलाशी स्वतःची टपाल तिकिटं काढून बसले. 2021 मध्ये एकच जहाज आडवं झालं आणि सहा दिवस सगळं ठप्प. तांबड्या समुद्रात जहाजांवर होणाऱ्या हल्ल्यांमुळे 2024 मध्ये आम्हालाही सुएझ सोडून केपला, म्हणजे आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला, वळसा घालावा लागला. बारा दिवस वाढले, घरी जायची तारीख हुकली आणि त्या लाटांत जेवणाची ताटं ओल्या कापडावर ठेवावी लागली. सुएझची किंमत मला त्या बारा दिवसांत कळली, सुएझमधून जाताना कधी कळली नव्हती.

एक मात्र सांगून ठेवतो. ऐकणाऱ्यांत समुद्री जीवांचा अभ्यासक असेल तर सुएझ नेऊ नका. उघड्या चरातून तांबड्या समुद्रातले मासे आणि जेलीफिश भूमध्यात शिरले आणि तिथल्या कोळ्यांच्या मुळावर आलेत. पनामात मधलं गोडं तळंच दोन महासागरांतल्या जीवांना कुंपण घालतं. माझ्या मुद्द्याची ही दुसरी बाजू आहे. तुम्हाला तीच जड वाटली तर माझं काही म्हणणं नाही.

मी त्या दिवशी सुएझच उभा केला. फोटो मात्र सगळे पनामाचे दाखवले. वाळू किती वेळ दाखवणार?