लाटेकचे समास: एका हंगामाच्या वापरानंतरचा अनुभव

सांगलीत आमचा अक्षरजुळणीचा छोटा व्यवसाय असून पतसंस्थांचे वार्षिक अहवाल हे त्यातले मुख्य काम आहे. सहकारी संस्थांना वार्षिक सर्वसाधारण सभा 30 सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते, त्यामुळे ऑगस्टमध्ये सर्वांचीच घाई असते. नेमक्या त्या दिवसांत, पैसे मोजून घेतलेल्या आमच्या पृष्ठमांडणीच्या सॉफ्टवेअरने नव्या आवृत्तीत पानाचा मूळ समास 2 सेंटिमीटरवरून 2.5 सेंटिमीटर केला. ए-4 पानावर चारही बाजूंनी अर्धा सेंटिमीटर गेला की मजकुराची जागा सुमारे साडेनऊ टक्क्यांनी घटते. 32 पानांचा अहवाल 36 पानांवर गेला, 8 पानी चार फर्म्यांचा (एकत्र छापून दुमडायच्या पानांच्या गठ्ठ्यांचा) हिशेब मोडला, ताळेबंदाचा तक्ता दोन पानांत तुटला आणि वाढीव कागदाचा खर्च आम्हाला सोसावा लागला. नवा समास अधिक सुटसुटीत दिसतो, असे ग्राहकसेवेचे म्हणणे होते. तो दिसतही असेल, परंतु गेल्या वर्षीची फाइल उघडल्यावर ती गेल्या वर्षीसारखीच दिसली पाहिजे, एवढीच माझी मागणी होती आणि ती शेवटपर्यंत कोणी ऐकून घेतली नाही.

त्या रागातच मी लाटेककडे वळलो. लाटेक ही अक्षरजुळणीची मोफत प्रणाली आहे; तिच्यात मजकूर आणि आज्ञा साध्या फाइलीत लिहायच्या आणि पाने प्रणालीने मांडायची. देवनागरीसाठी तिचे झीटेक हे इंजिन, म्हणजे पाने प्रत्यक्ष तयार करणारा प्रोग्रॅम, घेतले. आता थेट समासावर येतो. पहिले काही आठवडे मला लाटेकच्या समासाचाही संताप आला. लाटेकमध्ये मांडणीचे नियम क्लास नावाच्या साच्यात असतात; त्यातल्या लेखांसाठीच्या आर्टिकल क्लासमध्ये 12 पॉइंटच्या अक्षराला ओळीची रुंदी 390 पॉइंट, म्हणजे जेमतेम 137 मिलिमीटर असते. ए-4 च्या 210 मिलिमीटरपैकी तिसऱ्या हिश्शाहून अधिक कागद कोरा राहतो. ओळ लांबली की डोळ्याला पुढची ओळ सापडत नाही, हे त्यामागचे कारण मला मान्य आहे, पण रिमचा भाव रोज पाहणाऱ्याला तो कोरा कागद सहन होत नाही. शिवाय या क्लासचा मूळ कागद अमेरिकी लेटर आकाराचा आहे. ए-4 चा पर्याय लिहिला नाही, तर मांडणी 279 मिलिमीटर उंचीच्या पानासाठी होते आणि छपाई 297 मिलिमीटरच्या पानावर, म्हणजे तळाशी आणखी 18 मिलिमीटर वाया. इतक्या वर्षांत हे कोणी बदलले का नाही, असे मला वाटत असे.

आता तसे वाटत नाही. वर्डमध्ये समासाचे आकडे प्रत्येक फाइलमध्येच लिहिलेले असतात. म्हणून 2007 च्या आवृत्तीत डावा-उजवा मूळ समास सव्वा इंचावरून एक इंच झाला, तरी आधीच्या फाइलींना धक्का लागला नाही. लाटेकच्या फाइलीत मात्र समास नसतोच. तिथे फक्त क्लासचे नाव असते आणि रुंदी दर वेळी क्लासमधून काढली जाते. उद्या आर्टिकलमधला तो आकडा बदलला, तर जगभरातल्या ज्या जुन्या लेखांत समास वेगळा दिलेला नाही, त्या सर्वांची पाने नव्याने पडतील, आणि अमुक पान पाहा असा दिलेला प्रत्येक संदर्भ चुकेल. माझ्या 32 पानांचे जे झाले, ते सर्वांचे होईल. ज्या हट्टाला मी नावे ठेवत होतो, तो हट्ट माझ्याच बाजूचा होता.

आणि हट्ट म्हणजे सुधारणा बंद, असेही नाही. ज्याला अरुंद समास हवा, त्याने जॉमेट्री या समास ठरवणाऱ्या पॅकेजची (लाटेकला जोडायच्या पूरक फाइलीची) एक ओळ लिहावी. ती ओळ फाइलीतच राहते. कोमा-स्क्रिप्ट या वेगळ्या संचातल्या क्लासमध्ये तर कोणत्या आवृत्तीप्रमाणे मांडणी हवी, हे सांगण्याचाच पर्याय आहे. 2015 पासून लाटेकच्या गाभ्यात, म्हणजे क्लास आणि पॅकेजेस ज्यावर चालतात त्या मूळ भागात, दुरुस्त्या होऊ लागल्या, तेव्हा सोबत लाटेकरिलीज पॅकेजही आले. फाइलीच्या आरंभी त्यात जुनी तारीख लिहिली की गाभा त्या तारखेसारखा वागतो. 2018 पासून पॅकेजेस आणि क्लास यांनाही अशी तारीख देता येते, मात्र त्यांच्या कर्त्यांनी तशी सोय ठेवलेली असावी लागते.

यावरून मी आमच्या अहवालांसाठी स्वतंत्र क्लास केला आणि त्याच्या नावातच वर्ष घातले. बांधणीच्या बाजूला 22 मिलिमीटर, बाहेर 18, असा समास त्यात लिहिला आहे. पुढच्या वर्षी एखाद्या संस्थेला मोठा समास हवा असेल, तर नव्या वर्षाचा क्लास निघेल. जुन्या क्लासला कोणी हात लावायचा नाही, असे आमच्या जुळारींना बजावले आहे.

एक गैरसोय उरते. तारीख गोठवली तरी फॉन्ट गोठत नाही. देवनागरी फॉन्टच्या नव्या आवृत्तीत जोडाक्षरांची रुंदी किंचित बदलली तरी ओळ दुसरीकडे तुटते आणि समास तोच असूनही पान सरकते. त्यामुळे प्रत्येक कामाच्या फोल्डरमध्ये फॉन्टची फाइल ठेवतो आणि संगणकावर बसवलेला फॉन्ट न वापरता तीच फाइल नावानिशी वापरतो. जागा थोडी अधिक लागते, पण हार्ड डिस्कवरची जागा कागदापेक्षा पुष्कळ स्वस्त आहे.