पद्मिनीचं फाउंडेशन: सीलबंद जुनं, बाजारातलं नवं की रबर पुन्हा चढवलेलं?

गाडी उभी असताना थरथरते, क्लच सोडला की बॉनेटखाली धप्प आवाज येतो आणि मिस्त्री म्हणतो, "साहेब, क्लचप्लेट गेली." लगेच हो म्हणू नका. बॉनेट उघडा, हँडब्रेक ओढा, कुणाला तरी आत बसवून दुसऱ्या गिअरमध्ये क्लच अगदी हळू सोडायला सांगा. तुम्ही गाडीच्या बाजूला उभे राहा, समोर नाही. इंजिन एका अंगाने उचललं जाऊन परत आपटत असेल तर फाउंडेशनचं, म्हणजे इंजिन ज्या डाव्या-उजव्या टेकूंवर बसतं त्यांचं, रबर पत्र्यापासून सुटलंय. माझ्या प्रीमियर पद्मिनीची चांगली क्लचप्लेट याच घोळात बदलली गेली. काढलेली प्लेट अजून माळ्यावर आहे, निम्मीसुद्धा झिजलेली नाही.

या गाडीला वेगळी चासी नाही, बॉडीच सगळा भार घेते. १०८९ सीसीच्या चार सिलिंडरचा हादरा रबराने गिळला नाही, तर तो सरळ डॅशबोर्डात येतो आणि आरशातला मागचा ट्रक अंधूक दिसायला लागतो.

फाउंडेशन बदलायचं तर पहिला मोह असतो तो सीलबंद पाकिटातल्या जुन्या, कंपनीच्या मालाचा. स्पेअरपार्टच्या बाजारात, मुंबईत ऑपेरा हाऊस, पुण्यात नाना पेठ, शोधलं तर अजून हाती लागतो. पण पद्मिनी बनायची थांबून वीसहून जास्त वर्षं झाली आणि रबर पाकिटातही म्हातारं होतं. नख दाबून बघा. खूण उमटून परत भरून आली तर ठीक. नख घसरलं किंवा पीस किंचित वाकवल्यावर कडेला बारीक भेगा दिसल्या, तर ते शोकेसमध्ये ठेवा. हौशी लोक याचेच सर्वांत जास्त पैसे मोजतात, हे मला कधी कळलेलं नाही.

बाजारातला नवा लोकल माल स्वस्त आणि रबर ताजं. टॅक्सी होत्या तोवर तो धडाधड खपायचा. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली. यात खोट असते ती मापात. भोक दोन मिलिमीटर सरकलेलं असलं तर कानस मारून निभावतं. उंची चुकली की इंजिन वर किंवा खाली बसतं, पंखा रेडिएटरच्या जवळ जातो आणि स्टेअरिंगवरच्या हातगिअरच्या दांड्या ओढल्या जातात. घेताना दोन्ही पीस काउंटरवर शेजारी उभे करून बघा. दोघांची उंची एकसारखी नसेल तर निघा तिथून.

पॉलियुरेथेनचं थोडक्यात सांगतो: तेलाला दाद देत नाही, टिकतं भरपूर, पण साध्या रबरापेक्षा बरंच कडक. शर्यतीच्या गाडीला शोभेल. रविवारी आईला घेऊन देवदर्शनाला जायचं असेल तर नको.

माझं मत चौथ्या पर्यायाला: आपल्याच जुन्या लोखंडी पट्ट्यांवर रबर पुन्हा चढवून घेणं. पट्ट्या मूळच्या, त्यामुळे भोकं तंतोतंत जुळतात. कारागीर जुनं रबर काढून लोखंड सँडब्लास्ट करतो, चिकटणारं प्रायमर लावतो आणि साच्यात दाब-उष्णता देऊन नवं रबर बसवतो. दोन गोष्टी आधीच ठरवून घ्या. एक, कडकपणा शोअर ए मापावर ५० ते ६० च्या आसपास. "मजबूत करून देतो" म्हणणारा बहुधा त्याहून कडक करून देतो. दुसरी गोष्ट मी स्वतः चुकलो होतो: बसलेल्या फाउंडेशनवरून उंचीचं माप द्यायचं नाही. ते वर्षानुवर्षांच्या वजनाने दबलेलं असतं. दोन्हींपैकी जे कमी दबलंय त्यावरून, किंवा दुसऱ्या धडधाकट गाडीवरून माप घ्या. वेळ लागतो, गाडी तोवर उभीच राहते. रोज लागणारी असेल तर लोकल नवं बसवा आणि जुन्या पट्ट्या जपून ठेवा.

काहीही घ्या, डावं-उजवं जोडीनेच बदला. गिअरबॉक्सखालचं रबरही त्याच वेळी बघून घ्या. चेंबरखाली, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या ऑइलच्या भांड्याखाली, जॅक लावताना मध्ये लाकडाची जाड फळी हवीच, नाहीतर पत्रा आत जातो. बोल्ट आधी हाताने लावायचे, जॅक उतरवून इंजिनाचं वजन रबरावर आल्यावरच कसायचे. आणि ऑइल गळत असेल तर ते आधी बंद करा. नैसर्गिक रबर तेलात फुगतं, मग वर्षभरात पुन्हा तुम्ही त्याच काउंटरवर.