पॉझिट्रॉन उत्सर्जन शिकवताना: सोडियम-२२ की फ्लोरिन-१८?

बारावीला पॉझिट्रॉन (धन भाराचा इलेक्ट्रॉन) उत्सर्जन शिकवताना फळ्यावर उदाहरण कोणते घ्यावे, असे नव्याने रुजू झालेले सहकारी विचारतात, तेव्हा निवड बहुधा सोडियम-२२ आणि फ्लोरिन-१८ या दोन किरणोत्सारी समस्थानिकांतच असते. दोहोंच्या अणुकेंद्रात एका प्रोटॉनचा न्यूट्रॉन होतो, पॉझिट्रॉन व न्यूट्रिनो बाहेर पडतात आणि अणुक्रमांक एकाने घटतो. तेवढेच सांगायचे असेल तर कोणतेही चालेल.

सोडियम-२२चे अर्धायुष्य (निम्मे अणू विघटित व्हायला लागणारा काळ) २.६ वर्षे असल्याने त्याचा स्रोत टिकतो, आणि ज्या महाविद्यालयात रीतसर परवानगीचा स्रोत व गॅमा शोधक आहे, तिथे त्यालाच पहिला मान द्यावा. कोकणातल्या आमच्यासारख्या कनिष्ठ महाविद्यालयांत मात्र सगळा कारभार खडूवरच चालतो.

माझे मत फ्लोरिनकडे झुकले ते ऊर्जेच्या गणितामुळे. अणूंच्या वस्तुमानांतील फरकावरून सोडियमसाठी २.८४२ एमईव्ही (दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट) ऊर्जा मिळते. त्यातून दोन इलेक्ट्रॉनांच्या वस्तुमानाएवढी १.०२२ वजा केली की मुले पॉझिट्रॉनची कमाल ऊर्जा १.८२० असे उत्तर लिहून मोकळी होतात. उत्तर मात्र ०.५४५ च्या आसपास हवे असते, कारण तयार होणारे निऑन-२२ जवळजवळ नेहमीच उत्तेजित, म्हणजे जादा ऊर्जेच्या, अवस्थेत असते आणि १.२७५ एमईव्हीचा गॅमा किरण सोडून शांत होते. मग ‘सर, हा गॅमा मध्येच कुठून आला?’ या प्रश्नावर तास संपतो आणि मूळ प्रक्रिया बाजूलाच राहते. फ्लोरिन-१८ थेट ऑक्सिजन-१८च्या मूळ अवस्थेत जाते: १.६५६ वजा १.०२२, म्हणजे ०.६३४. एकच वजाबाकी.

शिवाय त्याचे सुमारे ११० मिनिटांचे अर्धायुष्य आमच्या मुलांना चटकन कळते. मुंबईत सायक्लोट्रॉनवर (कणांना वेग देणाऱ्या यंत्रावर) तयार केलेले फ्लोरिन-१८ महामार्गाने रत्नागिरीला यायला सात तास वीस मिनिटे लागली, तर चार अर्धायुष्ये उलटून सोळावा हिस्सा उरतो. (पावसाळ्यात किती तास धरायचे, यावरून वर्गात वाद होतोच.) पेट स्कॅनची (पॉझिट्रॉन वापरून शरीराच्या आतले चित्र घेणाऱ्या तपासणीची) सोय सायक्लोट्रॉनपासून फार लांब का चालत नाही, हे त्यानंतर वेगळे सांगावे लागत नाही.

प्रत्येकाचा वर्ग वेगळा, त्यामुळे आग्रह धरत नाही. पण पहिल्या तासाला फ्लोरिन घ्यावे आणि सोडियम उत्तेजित अवस्था शिकवण्यापर्यंत राखून ठेवावे, असे मला वाटते.