दोन हजारांची बाटली आणि सासऱ्यांचा चुना: आठ महिन्यांनंतर

परवा रात्री बाटलीची सुई तुंबली. तिसऱ्यांदा. म्हणून लिहायला बसलो, नाहीतर एप्टेशिया (खाऱ्या पाण्याच्या टाकीत तणासारखं माजणारं छोटं समुद्रफूल) मारायच्या औषधाच्या या बाटलीला पहिल्याच आठवड्यात पाच तारे देऊन मी मोकळा झालो होतो.

टाकी दीडशे लिटरची, बेळगावात टिळकवाडीत. खारटपणा 1.025, तापमान 26 च्या आसपास. आत झोआ, मशरूम, एक लेदर, म्हणजे शौकीन ज्यांना मऊ प्रवाळ म्हणतात ते. दगडी प्रवाळ ठेवत नाही. ते 1972 च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, आणि ‘सगळे ठेवतात हो’ म्हणणारा दुकानदार उद्या कोर्टात माझ्याशेजारी उभा राहणार नाही.

एप्टेशिया आला तो झोआच्या बुडख्याला चिकटून. शेंगदाण्याएवढा, तपकिरी, दिसायला नाजूकच. मी चिमट्याने ओढून काढला. घोडचूक! तळाचा कण दगडाला राहिला तरी त्यातून नवा उगवतो. महिन्याभरात एकाचे अकरा झाले, आणि शेजारचे झोआ डंख लागून मिटलेलेच राहायला लागले.

मग बाटली मागवली. कुरिअरसकट दोन हजार एकशे चाळीस. औषध चांगलं आहे, उगाच नावं ठेवणार नाही. पंप बंद करायचे, एप्टेशियाच्या तोंडावर हळू सोडायचं, तो खाऊ समजून गिळतो आणि आक्रसतो. पहिल्या दिवशी सात गेले. पण ती सुई! भुकटी तळाशी बसते, कितीही हलवा, सुईच्या वाकड्या भागात जाऊन अडकते आणि वाळली की सिमेंट. धुतली होती मी, आरओच्या पाण्याने, दोनदा. तरी तुंबली. जोर लावला तर सगळं एकदम सुटलं, टाकी दुधासारखी झाली, लेदर चार दिवस फुललं नाही. फोन केला तर पलीकडून हिंदीत, ‘सर, सुई वॉरंटी में नहीं आती.’ नवी सुई 350, कुरिअर 120. बाटलीत अर्धं औषध शिल्लक, ते आता चमच्याने भरवू?

दिवाळीत सासरे आले, निपाणीचे. तंबाखू मळता मळता टाकीकडे बघत सगळी कहाणी ऐकली आणि म्हणाले, “दोन हजार? तुम्हालाच चुना लावला की हो जावईबापू. त्यापेक्षा ह्यालाच लावायचा नव्हता काय?” आणि डबी पुढे केली.

थट्टाच होती. पण पानाचा चुना म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइड, आणि प्रवाळाच्या टाकीवाले ज्याला काल्कवासर म्हणतात तेही तेच. त्यांची डबी मात्र नको म्हटलं. तीत तंबाखूचे कण, आणि निकोटिन माशांना विष. खडेबाजारातून बिनवासाचा साधा चुना आणला, दहा रुपयांचा. मेडिकलमधली सिरिंज, जाड सरळ सुई. दह्याइतका दाट कालवून थेंब थेंब सोडला. उरलेले चारही गेले, मागाहून उगवलेलेही. एका दिवशी दोन-तीनच मारा. मी एकदा हावरटपणे सहा मारले, पीएच 8.2 चा 8.6 झाला आणि मासे वर येऊन धापा टाकायला लागले.

एप्टेशिया खाते म्हणून आणलेल्या पेपरमिंट कोळंबीबद्दल माझं मत बदललंय. पहिले दोन महिने तिने फक्त माशांचं खाणं चोरलं. एक दिवसाआड खाणं द्यायला लागलो तसे टाचणीच्या डोक्याएवढे नवे एप्टेशिया दिसेनासे झाले. मोठ्यांच्या वाटेला ती जात नाही. घेताना पाठ बघा. लाल-पांढऱ्या नक्षीची, कुबड असलेली उंटकोळंबी त्याच नावाने गळ्यात मारतात, आणि ती झोआच खाते.

बाटलीचे तारे आता दोन. तेही औषधाचे. ओव्हरफ्लोच्या (पाणी टाकीबाहेर जायच्या कप्प्याच्या) मागे एक एप्टेशिया अजून आहे, चांगला सुपारीएवढा झालाय. तिथे सरळ सुई पोचत नाही, वाकडीच लागते.